एका ‘च’चा शोध : बडोद्यातील एका मराठी संस्थेच्या संगणकीय दप्तराचे प्रकरण

बडोद्याच्या जुन्या शहरात, दांडिया बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एक मराठी संस्था आहे. खाली वाचनालय आणि छोटे सभागृह, वर दोन मजले, सार्वजनिक ट्रस्ट म्हणून नोंदणी, आणि सभासदांपैकी बहुतेक जण साठीच्या पुढचे. या संस्थेच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षे काम करते आहे आणि ग्रंथालयशास्त्र शिकलेली असल्यामुळे दप्तराचे काम ओघानेच माझ्याकडे आले. संस्थेचे किंवा माणसांचे नाव मी येथे देत नाही. ज्या चुका सांगायच्या आहेत त्या आम्ही सर्वांनी मिळून केलेल्या आहेत, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या किंवा महाराष्ट्रातल्याही अशा कोणत्याही जुन्या संस्थेत त्या सापडतील.

प्रकरण २०२५ च्या आरंभी सुरू झाले. इमारतीचा दुसरा मजला एका खासगी शिकवणी वर्गाला नऊ वर्षांच्या कराराने भाड्याने द्यावा असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला होता. गुजरातमधील सार्वजनिक ट्रस्टना लागू असलेल्या १९५० च्या अधिनियमाच्या ३६ व्या कलमानुसार, इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि त्या अर्जासाठी मालमत्तेवर कोणत्या अटी आहेत हे सांगावे लागणार होते. याच सुमारास एका जुन्या देणगीदारांच्या कन्येचे पत्र आले. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात आमच्या दुसऱ्या मजल्याच्या भिंतींना भेगा गेल्या होत्या, तेव्हा तिच्या वडिलांनी दुरुस्तीसाठी मोठी रक्कम दिली, आणि तो मजला कायम वाचनालयाच्याच उपयोगात राहील अशी अट संस्थेने ठराव करून मान्य केली, असे तिचे म्हणणे होते. ठराव असेल तर तो दाखवावा आणि नसेल तर तसे लेखी कळवावे, अशी तिची साधी मागणी होती.

ठराव झाला होता हे जुन्या सभासदांना आठवत होते, परंतु त्याचे शब्द कोणालाच आठवत नव्हते. २००० ते २००४ या वर्षांची सह्या केलेली इतिवृत्ताची वही वाळवीने खाल्ली होती; पुठ्ठ्याच्या आत मातीचा एक ढेकूळ आणि दोन-चार कागदांच्या कडा एवढेच उरले होते. त्यामुळे १९९८ पासून संगणकावर टंकलेली इतिवृत्ते हाच एकमेव आधार राहिला, आणि ती कुठे आहेत, या प्रश्नाचे उत्तर कोणालाच एका वाक्यात देता येईना.

दप्तर कुठे कुठे होते

पहिले पंधरा दिवस आम्ही एकही फाइल उघडली नाही, केवळ मोजणी केली. कार्यालयाच्या कपाटात २३ फ्लॉपी आणि ४१ सीडी निघाल्या. पायऱ्यांखाली एक जुना संगणक होता. तो सुरू होत नव्हता, पण त्याची हार्ड डिस्क शाबूत होती. माजी चिटणीसांच्या घरी एक बाहेरची हार्ड डिस्क होती, तिच्यात २०१० ते २०२२ पर्यंतचे सारे दप्तर वर्षवार लावून ठेवलेले होते. त्यांच्या वैयक्तिक जीमेल खात्यात संस्थेचा बाराएक वर्षांचा पत्रव्यवहार होता. आणि गेल्या पाच-सहा वर्षांतले कितीतरी निर्णय कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘मान्य’, ‘हरकत नाही’ अशा उत्तरांत पडून होते, ज्यांची इतिवृत्तात कधीच नोंद झाली नव्हती.

यातील चिटणीसांच्या घरची हार्ड डिस्क आमच्या हाती येण्यापूर्वीच गेली होती. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर चढले, तेव्हा माजी चिटणीसांचे नदीकाठच्या सोसायटीतील तळमजल्याचे घर पाण्याखाली होते. चिटणीस स्वतः २०२३ मध्ये निवर्तले होते. घरच्यांनी पूर ओसरल्यावर डिस्क धुऊन, उन्हात वाळवून, ती चालते का हे पाहण्यासाठी संगणकाला जोडली. त्यांनी हे संस्थेच्या काळजीपोटीच केले, परंतु गाळाचे पाणी शिरलेल्या डिस्कला वीज देणे हे तिच्यातील माहितीच्या दृष्टीने सर्वांत घातक असते, कारण आत राहिलेला कण फिरत्या तबकडीवर घासला जातो. अशी डिस्क तशीच, सुरू न करता, माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यायची असते. हे त्यांना आम्ही कधी सांगितले नव्हते. मुळात संस्थेच्या बारा वर्षांच्या दप्तराची एकच नीटनेटकी प्रत नदीकाठच्या तळमजल्यावर राहू देणे ही चूक संस्थेची होती.

जीमेल खात्याच्या बाबतीत मात्र आम्ही वेळेवर पोहोचलो. दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती मजकुरासकट काढून टाकण्याचे धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. चिटणीसांचे खाते एकोणीस महिने बंद होते. त्यांच्या मुलाने आईशी बोलून, तिच्या संमतीने, वडिलांच्या फोनवरून ते उघडले आणि संस्थेशी संबंधित पत्रे वेगळी करून त्यांची एमबॉक्स स्वरूपातील, म्हणजे सारी पत्रे एकाच फाइलमध्ये साठवणारी, प्रत आम्हाला दिली. बुडालेल्या डिस्कवरील इतिवृत्तांपैकी बरीचशी या पत्रांना जोडलेली सापडली, कारण चिटणीस प्रत्येक सभेनंतर मसुदा सर्व सदस्यांना पाठवीत असत. ज्या प्रतीला कोणी दप्तर मानले नव्हते ती वाचली.

मूळ प्रतीला हात न लावता

फ्लॉपी आणि सीडी यांच्याबाबत आम्ही एक नियम पहिल्या दिवशीच केला आणि शेवटपर्यंत पाळला: मूळ वस्तूवरून थेट काही वाचायचे नाही. प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातील लहानशी सरकपट्टी लेखनबंदीच्या बाजूला सरकवायची, मग तिची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे रिकाम्या जागेसह जशीच्या तशी नक्कल, संगणकावर घ्यायची, आणि पुढचे सारे काम त्या नकलेवर करायचे. विंडोज हे फ्लॉपी नुसती उघडून पाहतानाही तिच्यावर तारखा लिहू शकते, आणि आमच्या प्रकरणात तारखांनाच महत्त्व होते. खराब झालेल्या सीडींसाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन वापरले. ते आधी चांगले भाग वाचून बाजूला ठेवते आणि खराब भागांकडे नंतर पुनःपुन्हा वळते, त्यामुळे मरणपंथाला लागलेल्या तबकडीकडून जितके मिळेल तितके आधी मिळते. ४१ पैकी ३३ सीडी पूर्ण वाचल्या गेल्या, पाच अंशतः, तीन अजिबात नाहीत. या तिन्हींवर कागदी लेबल चिकटवलेले होते आणि ते कडेला उचलले गेले होते. लिहिता येण्याजोग्या सीडीत माहितीचा थर लेबलाच्या बाजूला, एका पातळ लेपाखाली असतो, हे लेबल चिकटवणाऱ्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. २३ फ्लॉपींपैकी सोळा वाचल्या गेल्या.

प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ पद्धतीने ओळखखूण काढून यादीत लिहिली. चौसष्ट चिन्हांची ही खूण फाइलमधील एक टिंब बदलले तरी पूर्ण बदलते, त्यामुळे फाइल आज आहे तशीच दहा वर्षांनी आहे का हे तीवरून ताडून पाहता येते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली न्यायालयात संगणकीय अभिलेख सादर करताना जे प्रमाणपत्र द्यावे लागते त्यातही ही खूण लिहावी लागते. आमचा वाद न्यायालयात जावा अशी कोणाचीच इच्छा नव्हती, तरी गेलाच तर पहिल्या दिवसापासूनची नोंद हाताशी असावी म्हणून आम्ही हे केले.

अक्षरे होती, वाचता येत नव्हती

मार्च २००१ च्या विशेष सभेचे इतिवृत्त एका सीडीवर पेजमेकर ६.५ या छपाईची पाने मांडण्याच्या प्रणालीच्या फाइलमध्ये असावे असे तिच्या नावावरून दिसत होते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्येच आली आणि पुढे तिचा विकास थांबला. त्याच कंपनीच्या इनडिझाइन या दुसऱ्या प्रणालीत या फाइली उघडण्याची सोय काही वर्षे होती, पण नंतरच्या आवृत्त्यांतून तीही गेली. रावपुऱ्यातील एका छापखान्यात मात्र जुन्या विंडोजच्या संगणकावर पेजमेकर आजही चालू आहे, आणि तेथील भाईंनी एक अख्खी दुपार आमच्यासाठी मोकळी ठेवली. फाइल उघडली. पानाची मांडणी, रकाने, संस्थेचे बोधचिन्ह सारे जागच्या जागी होते, आणि मजकुराच्या जागी रोमन अक्षरे, टोप्या, आकडे आणि चिन्हे यांची एक अखंड रास होती.

याचे कारण मराठी संगणनाच्या त्या काळच्या रीतीत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरी १९९१ पासून आहे आणि भारतीय लिप्यांसाठी इस्की हे भारतीय मानकही त्याच वर्षीचे आहे, परंतु छपाईच्या आणि कार्यालयीन कामात दोन हजार दहाच्या आसपासपर्यंत प्रामुख्याने असे फॉण्ट चालले की ज्यांत संगणक रोमन अक्षरांचे क्रमांकच साठवीत असे आणि फॉण्ट त्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, अर्धी अक्षरे, रफार, चढवून दाखवीत असे. अक्षर फाइलमध्ये नसे, ते फॉण्टमध्ये असे. शिवाय प्रत्येक पॅकेजची तुकड्यांची मांडणी वेगळी. तो कोणा एका कंपनीचा दोष नव्हता. त्या काळच्या यंत्रांवर मराठी पान सुबक छापता यावे म्हणून काढलेली ती वाट होती, आणि तिच्यामुळेच हजारो दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि अहवाल निघाले. परंतु फॉण्ट हरवला की फाइल मुकी होते.

येथे मला आमच्याच गावाची एक गोष्ट आठवल्यावाचून राहवत नाही. गायकवाडी दप्तराचे मोडी रुमाल बडोद्यात आजही आहेत, कागद चांगला आहे, शाई गडद आहे. कमी झाली आहेत ती मोडी वाचणारी माणसे. रुमाल सोडून कागद समोर पसरला तरी तो बोलत नाही. फरक एवढाच की मोडी शिकता येते, शिकवणारे अजून आहेत, तिचे तक्ते छापलेले आहेत. आमच्या २००१ च्या फाइलची लिपी मात्र एका विशिष्ट फॉण्टच्या एका विशिष्ट आवृत्तीपुरती होती, आणि ती वाचणारी आमच्या माहितीत एकच व्यक्ती होती.

त्या म्हणजे संस्थेच्या तेव्हाच्या टंकलेखिका, आता सत्तरीला टेकलेल्या, वाघोडिया रोडला मुलाकडे राहणाऱ्या. त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चहा ठेवता ठेवता फॉण्टचे नाव आणि क्रमांक सांगितला. मग आतल्या खोलीतून वहीच्या आकाराचा एक पुठ्ठा आणला. त्यावर आलेखाच्या कागदाचे दोन तुकडे डिंकाने चिकटवलेले होते. डाव्या बाजूला ‘द्ध’, ‘ह्म’, ‘ङ्क’, ‘क्त’, ‘ट्ट’ अशी जोडाक्षरे निळ्या शाईत, आणि समोर ऑल्ट कळ दाबून टंकायचे चार आकडी क्रमांक लाल शाईत. ‘ऱ्य’च्या अर्ध्या रकाराचा क्रमांक दोनदा अधोरेखित केला होता आणि शेजारी लिहिले होते, ‘रफार नव्हे’.

“अहो ताई, हा पुठ्ठा गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी टाकणारच होते,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, राहू दे, आपल्या हातचा आहे.”

त्या पुठ्ठ्याचे छायाचित्र आता आमच्या अभिलेखाचा भाग आहे. दीर्घकाळ जतनाच्या व्यवस्थेसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ओएआयएस या नावाने ओळखले जाणारे आयएसओ १४७२१, त्यात प्रत्येक डिजिटल वस्तूबरोबर ती समजण्यासाठी लागणारी माहितीही जतन करावी असे सांगितले आहे. मानकाची भाषा रुक्ष आहे आणि एवढे मोठे मानक छोट्या संस्थेला आपले वाटत नाही. माझ्यापुरता त्याचा अर्थ त्या पुठ्ठ्यापाशी स्पष्ट झाला.

दिसत होता, सापडत नव्हता

फॉण्ट मिळाल्यावर मजकूर वाचता येऊ लागला आणि पुठ्ठ्यावरून पडताळलेल्या रूपांतराच्या तक्त्याच्या साहाय्याने त्या फॉण्टमधील तीनशेहून अधिक फाइली आम्ही युनिकोडमध्ये आणल्या. मार्चची फाइल तर होतीच, पण दुसऱ्या मजल्याचा उल्लेख इतर कुठे कुठे आहे ते पाहण्यासाठी सर्व फाइलींत ‘दुसऱ्या मजल्या’ हे शब्द शोधले. एकही निकाल आला नाही. मार्चच्या फाइलमध्ये तो उल्लेख मी नुकताच डोळ्यांनी वाचलेला होता, तरी यंत्र नाही म्हणत होते.

मराठीत ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र रफार होऊन डोक्यावर जात नाही, तो आडवा होऊन ‘य’ला बिलगतो. युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारे लिहिता येते: क्रमांक ०९३१ च्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दुसरी रीत जुन्या पद्धतीशी मेळ राहावा म्हणून चालू ठेवलेली आहे. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला ती वेगळी वाटतात, आणि युनिकोडचे जे प्रमाणीकरणाचे नियम आहेत तेही या दोहोंना एक मानीत नाहीत. आमच्या तक्त्याने दुसरे रूप लिहिले होते आणि माझा कळफलक पहिले लिहीत होता. त्यात आणखी भर म्हणजे ई-मेलमधून आलेल्या काही प्रतींत ते अदृश्य चिन्ह गळून पडले होते आणि ‘र्या’ असा रफार उरला होता. ‘ॲ’चेही तसेच; त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला, त्यापूर्वीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. शोध घेताना ही सर्व रूपे एकच मानणारी लहानशी सोय केल्यावर दुसऱ्या मजल्याचे उल्लेख एकोणीस ठिकाणी सापडले.

पीडीएफबद्दल येथेच सांगणे योग्य होईल, कारण ‘सगळे पीडीएफ करून ठेवा’ हा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. दीर्घकाळ जतनासाठी केलेले पीडीएफ-ए हे मानक, ज्याचा पहिला भाग २००५ मध्ये आला, फॉण्ट फाइलच्या आतच ठेवण्याची सक्ती करते, आणि ते फार उपयोगाचे आहे. पान जसे होते तसे दिसत राहील याची त्यातून बरीच खात्री मिळते. त्याच्या २०११ च्या दुसऱ्या भागात मजकुराचे युनिकोड क्रमांकही असलेच पाहिजेत अशी एक वरची पायरी आहे. पण जुन्या फॉण्टमधील पानाची पीडीएफ बनवली तर फॉण्ट स्वतःला रोमनच म्हणवतो, त्यामुळे तपासणीचे साधन त्या फाइलला खुशाल उत्तीर्ण करू शकते आणि आतून नक्कल केलेला मजकूर मात्र चिन्हांची रासच असतो. म्हणून आम्ही प्रत्येक जुन्या इतिवृत्ताच्या चार वस्तू एकत्र ठेवतो: मूळ फाइल जशी होती तशी, पानाचे रूप दाखवणारी पीडीएफ-ए, युनिकोडमधील साधा मजकूर, आणि रूपांतर कोणी, कधी, कोणत्या तक्त्याने केले याची टीप. मूळ फाइल आज निरुपयोगी वाटली तरी काढायची नाही. आमचा तक्ता चुकीचा असेल तर ती चूक उद्या दुसऱ्या कोणाला तिच्यावरूनच कळेल.

‘वाचनालयासाठी’ की ‘वाचनालयासाठीच’

मार्च २००१ च्या इतिवृत्ताच्या दोन फाइली होत्या. एकीच्या नावात ‘फायनल’ होते आणि दुसरीच्या नावात ‘फायनल नवे’. मजकूर शब्दशः सारखा, फक्त ठराव क्रमांक ७ मध्ये एकीत ‘दुसऱ्या मजल्याचा उपयोग वाचनालयासाठी करण्यात यावा’ आणि दुसरीत ‘वाचनालयासाठीच करण्यात यावा’. सारा वाद त्या एका ‘च’वर होता. ‘वाचनालयासाठी’ असेल तर वाचनालयाची गरज भागून उरलेल्या वेळेत मजला इतर कामाला देता येईल असे म्हणता आले असते. ‘वाचनालयासाठीच’ असेल तर नाही.

ओळखखूण येथे काहीच मदत करू शकत नव्हती. दोन्ही फाइलींच्या खुणा वेगळ्या होत्या, आणि प्रत्येक फाइल सीडीवर टाकल्यापासून बदललेली नाही एवढेच त्या सांगत होत्या. खरी कोणती हे नाही. तारखांचाही उपयोग झाला नाही, कारण दोन्ही फाइली २०११ मध्ये कोणीतरी उघडून पुन्हा साठवल्या होत्या आणि दोन्हींवर तीच तारीख बसली होती. सही कोणत्याच प्रतीवर नव्हती. कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘च’ नंतर घातलेला असू शकतो अशी शंका काढली, आणि ती काढणे त्यांचे कर्तव्यच होते.

उत्तर त्या फाइलीत नव्हतेच, ते तिच्या शेजाऱ्यांत होते. एप्रिल २००१ च्या सभेचे इतिवृत्त एका फ्लॉपीवर वेगळ्या फाइलीत होते, आणि त्याचा पहिलाच परिच्छेद असा होता: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचण्यात आले. ठराव क्र. ७ मध्ये “वाचनालयासाठी” या शब्दाऐवजी “वाचनालयासाठीच” असा शब्द घालून ते कायम करण्यात आले.’ इतिवृत्त वाचून कायम करण्याची ही जुनी शिस्त आपल्याकडे बहुतेक संस्थांत उपचार म्हणून उरकली जाते. तिने येथे चोवीस वर्षांनी आपले काम केले.

दुसरा आधार पावत्यांचा. देणग्यांची नोंद फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या जुन्या प्रणालीत होत असे. फॉक्सप्रोच्या तक्त्याची फाइल आजही सहज उघडते, लिब्रेऑफिस या मोफत पॅकेजमध्येसुद्धा, परंतु लांब शेरे तीत नसतात. ते त्याच नावाच्या वेगळ्या जोडफाइलमध्ये असतात. सीडीवर नक्कल करणाऱ्याने फक्त तक्ता घेतला होता, म्हणून त्या पावतीसमोर शेऱ्याचा रकाना रिकामा दिसत होता. पायऱ्यांखालच्या संगणकाच्या डिस्कवर जोडफाइल मिळाली आणि ती शेजारी ठेवताच शेरा उमटला: ‘दुसरा मजला दुरुस्ती, वाचनालयासाठीच, देणगीदारांचे पत्र पाहावे.’ ते पत्र आमच्याकडे नाही. पण पावतीचा क्रमांक आणि रक्कम देणगीदारांच्या कन्येने जपून ठेवलेल्या मूळ पावतीशी तंतोतंत जुळली, आणि त्या पावतीच्या मागे तिच्या वडिलांच्या हस्ताक्षरात तीच अट टिपलेली होती.

कार्यकारिणीने हे सर्व कागद एकत्र वाचले आणि भाडेपट्ट्याचा प्रस्ताव मागे घेतला. त्या दिवशी सभेत शिकवणी वर्गाच्या भाड्यातून छपराची दुरुस्ती झाली असती हेही बोलले गेले, आणि ते खरे होते. देणगीदारांच्या कुटुंबाला ठरावाची, एप्रिलच्या नोंदीची आणि पावतीची प्रत अध्यक्षांच्या सहीने देण्यात आली.

आता काय ठेवतो आणि काय काढतो

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या सातव्या कलमात संगणकीय अभिलेख जपण्याच्या तीन कसोट्या आहेत: नंतर पाहता येईल असा तो उपलब्ध असावा, मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असावा, आणि तो कोठून आला, कोठे गेला, कोणत्या तारखेला, हे कळेल अशी माहिती त्याबरोबर असावी. आमचे २००१ चे दप्तर पहिल्या कसोटीवर कसेबसे, दुसऱ्या कसोटीवर एका पुठ्ठ्याच्या आधारे, आणि तिसऱ्या कसोटीवर निव्वळ सुदैवाने उतरले. पुढच्यासाठी ज्या गोष्टी ठरल्या त्यांतील सर्वांत महत्त्वाची, माझ्या मते, कागदाचीच आहे. प्रत्येक इतिवृत्त युनिकोडमध्ये लिहून, छापून, कायम झाल्यावर प्रत्येक पानावर सही घेऊन शिवलेल्या वहीत लावले जाते, आणि त्याच पानाची पीडीएफ-ए प्रत ठेवली जाते. आमच्या आकाराच्या संस्थेला संपूर्ण कागदमुक्त कारभार परवडत नाही असे मी आग्रहाने म्हणते, कारण त्यासाठी दर काही वर्षांनी स्वरूप बदलत राहणारा माणूस लागतो आणि तो आमच्याकडे नेहमी असेलच असे नाही. कागदाला कपाट आणि वाळवीचे औषध पुरते.

व्हॉट्सॲपवर झालेला निर्णय पुढच्या सभेत वाचून इतिवृत्तात आला तरच तो निर्णय, असा ठराव केला. पत्रव्यवहारासाठी संस्थेच्या नावाचे खाते उघडले, त्याची किल्ली दोन पदाधिकाऱ्यांकडे असते आणि पद सोडताना ती कार्यभाराबरोबर सोपवली जाते. हिशोबाच्या पॅकेजमधून प्रत्येक वर्षाअखेरीस रोजमेळ आणि खतावणी एक्सएमएल या साध्या मजकुराच्या स्वरूपात आणि पीडीएफमध्ये बाहेर काढून ठेवली जाते, कारण त्या पॅकेजची जुनी आवृत्ती नव्या संगणकावर चालेल याचा भरवसा नाही. धर्मादाय कार्यालयाशी झालेला गुजराती पत्रव्यवहार हे वेगळेच काम निघाले; गुजरातीचे जुने फॉण्ट मराठीहून निराळे, आणि त्यांचा पुठ्ठा कोणी ठेवलेला नाही. ती पत्रे तूर्त छापील प्रतींवरूनच वाचतो आहोत.

काढून टाकण्याचेही ठरवावे लागले, आणि ते ठेवण्याहून अवघड गेले. सभासदांच्या आधारपत्रांच्या स्कॅन प्रती कोणत्याही कामासाठी लागत नसताना वर्षानुवर्षे पडून होत्या. त्या कार्यकारिणीच्या ठरावाने नष्ट केल्या आणि नष्ट केल्याची यादी ठेवली. एकाच निमंत्रणपत्रिकेच्या चौदा आवृत्त्यांतून एक ठेवली.

जे ठेवले ते बॅगइट पद्धतीच्या फोल्डरांत आहे, म्हणजे मजकूर एका बाजूला आणि प्रत्येक फाइलच्या ओळखखुणेची यादी दुसऱ्या बाजूला, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. अशा तीन प्रती आहेत: एक कार्यालयात पहिल्या मजल्यावर, एक ऑनलाइन साठ्यात, आणि एक हार्ड डिस्कवर पुण्यात राहणाऱ्या एका विश्वस्तांकडे, विश्वामित्रीच्या आवाक्याबाहेर. जानेवारी आणि जुलैत तिन्ही प्रतींच्या खुणा ताडून पाहायच्या आणि ताडणाऱ्याने वहीत सही करायची असा क्रम लावला आहे. वाचल्या न गेलेल्या सात फ्लॉपी आणि तीन सीडी एका डब्यात, प्रत्येकीवर काय होते याच्या अंदाजासह, तशाच ठेवल्या आहेत. त्यांतील दोन फ्लॉपींवर २००२ च्या सभा असाव्यात असे टंकलेखिकाबाईंना वाटते, आणि तो अंदाजही त्यांच्या नावाने आणि तारखेने डब्याच्या यादीत लिहिलेला आहे.